भातवडीचे तळे आणि अंगणातली लढाई

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या आळीतल्या पोरांचे हात मातीत जातात. विटांचे तुकडे, फाटकी पोती, ओढ्याकाठची चिकण माती आणि कुणाच्या तरी घरून न विचारता आणलेले घमेले, एवढ्या सामग्रीवर नरकचतुर्दशीच्या आत किल्ला उभा राहतो. उतारावर हळीव पेरतात. माथ्यावर सिंहासन ठेवतात. बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजांवर उभे करतात आणि पायथ्याशी आरशाचा तुकडा पुरून त्याचे तळे करतात. मग भाऊबीज होईपर्यंत आल्यागेल्याने किल्ला पाहावा, 'वा!' म्हणावे आणि पुढे जावे.

मला लहानपणापासून एक कोडे पडत आले आहे. एवढ्या कष्टाने किल्ला बांधायचा आणि त्यावर घडायचे मात्र काहीच नाही! बिचारे मावळे ज्या बुरुजावर उभे केले त्याच बुरुजावर चार दिवस उभे राहतात आणि पुन्हा पेटीत जातात. हेच कोडे गेल्या दिवाळीत आळीतल्या मुलांनाही पडले असावे. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी चारपाच जणांचे शिष्टमंडळ माझ्या ओट्यावर आले. "गुरुजी, किल्ल्यावर लढाई खेळायची. मोबाइलवर असते तशी. पण खरी."

ह्या 'पण खरी' शब्दांनी मी फशी पडलो. मोबाइलवरच्या लढाया मी पुतण्याच्या खांद्यावरून पाहिलेल्या आहेत. तिथे सोने खणले की घर होते, घर झाले की शिपाई होतो आणि पाच मिनिटांत शंभर शिपाई शेजारच्या राज्यावर तुटून पडतात. त्यात चिखल कोणाला लागत नाही आणि घोड्याला वैरण लागत नाही. मी मनाशी म्हटले, आपण इतिहास शिकवतो, चार ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या आहेत. आपल्याला ह्याहून खरी लढाई मांडता येऊ नये? आणि लढाईसाठी दूर जाण्याचेही कारण नव्हते. आमचे गाव नगर तालुक्यातले. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण ज्या भातवडीच्या रानात १६२४ साली दख्खनचे भवितव्य ठरले ते रान आहे तिथेच आहे. मी लगेच होकार दिला. ह्यापुढच्या तीन संध्याकाळी मला जे शिकायला मिळाले ते वाचकांना सांगावे, म्हणून हा लेख.

प्रथम हकीकत. निजामशाहीची राजधानी नगर १६०० साली मोगलांच्या हाती गेली. राज्य मात्र मेले नाही, कारण ते मलिक अंबराने उचलून धरले. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनेत येऊन निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६२४ साली त्याच्यावर दोन बादशाह्या एकदम चालून आल्या. मोगलांचा लष्करखान आणि विजापूरच्या आदिलशाहीचा मुल्ला महंमद लारी असे दोन सेनापती, दोघांजवळ मोठी फौज, जड तोफखाना. नगरचा किल्लाही तेव्हा मोगलांकडेच होता. समोरासमोर उभे राहण्याइतके बळ अंबराजवळ नव्हते. म्हणून तो मागे सरत सरत भातवडीला आला आणि तिथे थांबला.

भातवडीला मेहेकरी नदीवर एक तळे होते. मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान ह्याने ते बांधविलेले. अंबराने त्या तळ्याचा बांध फोडला. आधीच पावसाने भिजलेल्या त्या काळ्या रानात पाणी पसरले, वाटा बुडाल्या, तोफांचे गाडे रुतले. शत्रूची छावणी जागच्या जागी अडकून पडली. मग अंबराच्या टोळ्या रात्री छापे घालू लागल्या, रसद तोडू लागल्या. छावणीत धान्य महागले, माणसे उपाशी राहू लागली, आणि उपाशी माणसे एकेक करून अंबराकडे येऊ लागली. मोगल व विजापूरकर ह्यांच्यात एकोपा नव्हताच. अखेर अंबराने निकराचा हल्ला चढविला. मुल्ला महंमद लारी मारला गेला, आदिलशाही फळी फुटली आणि लष्करखानासह बरेच सरदार कैद झाले. ह्याच लढाईत अंबराच्या बाजूने लढताना शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी पडले. नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मालोजीराजांनी आपल्या दोन्ही मुलांची नावे ठेवली, असे सांगतात. त्यातले एक नाव भातवडीला संपले.

हे सर्व सांगून होताच पहिली अडचण उभी राहिली. सगळ्यांनाच अंबर व्हायचे होते, शहाजीराजे व्हायचे होते. "मी नाही व्हायचो मोगल!" असे सातजणांनी सात वेळा सांगितले. तेव्हा मी त्यांना म्हटले, बाळांनो, शिवभारतात ह्या लढाईचे वर्णन आहे, त्यात मोगलांच्या बाजूच्या सरदारांत जाधवरावाचे नाव येते. लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील. इकडे जावई, तिकडे सासरा! मुले क्षणभर गप्प झाली. 'आपले' आणि 'त्यांचे' अशी जी सरळ रेघ त्यांनी अंगणात ओढून ठेवली होती ती जरा पुसट झाली. सातवीतली एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "मी होते लष्करखान." तिच्या धाकट्या भावाला तिने मुल्ला महंमद केले. तो बिचारा काय बोलणार!

आता खेळाची गोष्ट. पहिल्या संध्याकाळी मी मास्तर होतो आणि मास्तरासारखाच वागलो. अंगणात रांगोळीने मेहेकरी काढली, चिंचोक्यांची फौज मांडली, काडेपेट्यांच्या तोफा केल्या आणि मी सांगेन तसे चिंचोके हलवायचे असा दंडक घातला. अंबराने इथे यावे, मोगलांनी तिथे अडकावे, आता बांध फोडावा. सगळे इतिहासाबरहुकूम झाले. अर्ध्या घटकेत दोन सेनापती आकाशकंदील पाहायला निघून गेले आणि तिसरा जांभई देत म्हणाला, "गुरुजी, शेवट ठाऊक आहे तर खेळायचं कशाला?" त्याचे बरोबर होते. तो खेळ नव्हता, चिंचोके लावून केलेली उजळणी होती.

दुसऱ्या संध्याकाळी मी रागाने सगळे मुलांवर सोडले. त्यांनी पुष्कळ मौज केली. तोफा उडू लागल्या, घोडेस्वार नदीवरून उड्या मारू लागले, कुणीतरी लवंगी लावली आणि सबंध आदिलशाही तुळशीवृंदावनापलीकडे गेली. दहा मिनिटांत सर्व चिंचोके मेले. मुले हसून हसून लोळली आणि मग एकजण म्हणाला, "आता काय?" ह्या प्रश्नाला कोणाजवळ उत्तर नव्हते. तिथे भातवडीही उरली नव्हती आणि दुसरा डाव मांडण्याची इच्छाही.

त्या रात्री मी विचार करीत बसलो. ही अडचण माझ्या एकट्याची नाही, हे मला वाचून ठाऊक होते. आपले बुद्धिबळ मुळात युद्धाचाच खेळ. त्यात हत्ती आहेत, घोडे आहेत, उंट आहेत. पण दोन्ही फौजा सारख्या, दोघांना सगळे दिसते आणि वजिराला कधी भूक लागत नाही. ते उत्तम आहे, पण ते युद्ध नव्हे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी हे ओळखले. १८१२ साली बापाने राजाला एक टेबल दाखविले, त्यावर टेकड्या, नद्या, रस्ते मांडता येत. १८२४ साली मुलाने त्याचे नियम छापले. नकाशा मापाचा, एक चाल म्हणजे दोन मिनिटे, मारा लागला की नाही हे फाशांवर, आणि मुख्य म्हणजे मध्ये एक पंच. खेळाडूंनी हुकूम लिहून पंचाला द्यायचे आणि ज्याला जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच पंचाने त्याला दाखवायचे. तो पाहून प्रशियाचा सेनाप्रमुख म्युफ्लिंग खूष झाला, हा खेळ नव्हे तर युद्धाचे शिक्षण आहे असे त्याचे मत पडले. पण पुढे नियमांची आणि कोष्टकांची इतकी गर्दी झाली, की अधिकारी कंटाळले. तेव्हा १८७६ साली वेर्दी द्यु व्हेर्न्वा नावाच्या सेनानीने सांगितले की कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंच म्हणेल ते खरे. म्हणजे सत्य वाढवीत नेले की गंमत जाते, गंमत वाढवीत नेली की सत्य जाते, हा तराजू त्यांच्याही हातात हेलकावत होता.

उलट १९१३ साली एच. जी. वेल्स ह्या इंग्रज कादंबरीकाराने 'लिट्ल वॉर्स' हे पुस्तक लिहिले, त्यात जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून स्प्रिंगच्या तोफेने ते पाडायचे. निव्वळ मौज. पण तोच माणूस त्या पुस्तकात सांगतो की असा खेळ दोनचार वेळा खेळून पाहा, म्हणजे खरे युद्ध ही केवढी गोंधळाची गोष्ट असेल ते उमगेल. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. पुढे १९५८ साली अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स ह्यांनी १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईवर पटावरचा खेळ काढला. त्यात खऱ्या लढाईत हरलेल्या जनरल लीला जिंकता येत असे. आजच्या मोबाइलवरील लढायांचे हे सगळे आजेपणजे म्हणायला हरकत नाही.

ह्या मंडळींचा विचार करता करता मला एक वाट दिसली. पहिल्या दिवशी मी खऱ्या लढाईचा शेवट पकडून ठेवला होता आणि तिच्या अडचणी मुलांना भोगू दिल्या नव्हत्या. आता उलट करायचे. शेवट मोकळा सोडायचा. अडचणी मात्र अस्सल ठेवायच्या.

तिसऱ्या संध्याकाळी अंगणात दोरीवर आमच्या सौभाग्यवतींची जुनी चादर टांगली. एका बाजूला अंबर व शहाजीराजे, दुसऱ्या बाजूला लष्करखान व मुल्ला महंमद. पलीकडचे कुणालाच दिसायचे नाही. दिसावे वाटले तर एक चिंचोका हेर म्हणून पाठवायचा आणि मी, म्हणजे पंचाने, त्याने काय पाहिले ते कानात सांगायचे. प्रत्येक दहा चिंचोक्यांमागे दर चालीला एक फुटाणा खर्च. फुटाणे संपले की दर चालीला एक उपाशी चिंचोका चादरीखालून शत्रूकडे जाणार. पाणी सुटले की तोफ दोन चाली जागची हलणार नाही. छापा साधला की नाही, हे सारीपाटाच्या कवड्या सांगतील. आणि शेवटचा नियम असा, की लष्करखान व मुल्ला महंमद ह्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही; चिठ्ठी लिहायची आणि ती मी पुढच्या चालीला पोचवायची.

पोरांना ऐकीव गोष्टीही हव्या होत्या. नगरच्या वेढ्यात चांदबिबीने गोळे संपल्यावर सोन्यारुप्याची नाणी तोफेत भरली, ती गोष्ट इथे आणा, असा आग्रह पडला. मी दोन रंगांच्या चिठ्ठ्या केल्या. पांढरीवर जे लेखी आहे ते, पिवळीवर जे लोक सांगतात ते. पिवळी चिठ्ठी डावात एकदाच वापरायची आणि वापरताना मोठ्याने 'ऐकीव!' म्हणायचे. आम्हा नगरकरांना ह्या दोन चिठ्ठ्यांची फार गरज आहे. शहराजवळच्या डोंगरावरची जी इमारत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या 'चांदबिबीचा महाल' म्हणून पाहुण्यांना दाखवितो ती खरोखर सलाबतखानाची कबर आहे. ज्याचे तळे भातवडीला कामी आले तोच हा सलाबतखान. महाल म्हणावे, पाहायला जावे, वरून दिसणाऱ्या रानाची मजा घ्यावी. फक्त चिठ्ठी पिवळी आहे हे ध्यानात ठेवावे.

आणि काय सांगू! जो नियम खऱ्या लढाईतून जसाच्या तसा उचलला होता, त्यातूनच सर्वांत अधिक गंमत उगवली. मुल्ला महंमदाने भूक लागली म्हणून आपल्या फौजेची अर्धी रसद स्वतःच खाऊन टाकली. बहिणीला चिठ्ठी लिहिली, 'फुटाणे पाठव.' ती तिला एका चालीनंतर मिळाली, तोवर ह्याचे तीन शिपाई फितूर होऊन चादरीखालून गेले होते. अंगण हसून दणाणले. पण त्या हसण्यात प्रत्येकाला कळले की दोन सेनापतींची एक फौज म्हणजे काय असते. खर्ड्याच्या लढाईचे मी त्यांना तेव्हाच सांगितले. आमच्याच जिल्ह्यात, जामखेडजवळ, ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाला हरविले. फौजा लाखालाखाच्या, पण प्रत्यक्ष झुंजीत मेलेली माणसे त्या मानाने थोडी. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि दाणा, वैरण व पाणी ह्यांच्या तंगीने तहाला आला. पुस्तकात एका ओळीत वाचलेले 'रसद तोडली' हे शब्द फुटाणे संपल्यावर किती मोठे होतात, ते मी त्या मुलांच्या तोंडांवर पाहिले.

आणि मग आपत्ती ओढवली. मोगल जिंकले.

त्या मुलीने दुसऱ्याच चालीला हेर पाठविला. तळ्याची बातमी आली तशी तिने आपली छावणी उंचावर, किल्ल्याच्या पायरीजवळ हलविली आणि फुटाणे मोजून भावाला वाटून दिले. अंबराने बांध फोडला तेव्हा पाण्यात एकच तोफ अडकली. दोन छापे कवड्यांनी बुडविले. शहाजीराजे झालेला मुलगा अगदी रडकुंडीला आला. "गुरुजी, असं नाही झालं! इतिहासात अंबर जिंकला! कवड्या पुन्हा टाका!" खरे सांगतो, मी नगरचा माणूस, माझा हात कवड्यांकडे गेला होता.

तेवढ्यात मला मिडवेची गोष्ट आठवली आणि मी ती सर्वांना सांगितली. १९४२ च्या मे महिन्यात जपानी आरमाराने मिडवे बेटावरच्या स्वारीचा असाच सराव-खेळ मांडला होता. फासे पडले, अमेरिकन विमानांचे नऊ गोळे लागले आणि जपानची दोन विमानवाहू जहाजे बुडाली असे ठरले. तेव्हा मुख्य पंच उगाकी ह्याने निकाल बदलला. नऊचे तीन केले, दोनाचे एक केले, आणि जे एक बुडाले होते तेही पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागले. पटावर जपान जिंकले. ४ जूनला खरी लढाई झाली आणि जपानची चार विमानवाहू जहाजे समुद्रतळाशी गेली. तिथे कवड्या पुन्हा टाकता आल्या नाहीत.

मुले गप्प झाली. मी म्हटले, इतिहासात अंबर जिंकला हे पांढऱ्या चिठ्ठीवर आहे, ते कोणी पुसत नाही. पण तो हरूही शकला असता, हेही तितकेच खरे आहे, आणि ते तुम्हांला आज प्रथमच दिसले. जी लढाई हरताच येत नाही ती जिंकण्यात मोठेपण ते कसले? अंबराने तळ्याचा बांध फोडण्याचा हुकूम दिला तेव्हा शेवट कसा होईल हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक असते, म्हणून आपण त्याचे धाडस पाठ करतो, पण समजून घेत नाही.

मला वाटले, आता धडा संपला. पण आमच्या अंगणातला सर्वांत मोठा इतिहासकार अजून बोलायचा होता. कोपऱ्यात बसून फुटाणे मोजण्याचे काम दिलेला दुसरीतला एक चिमुरडा आरशाच्या तुकड्याकडे पाहत म्हणाला, "गुरुजी, तळं फोडल्यावर भातवडीच्या लोकांनी उन्हाळ्यात काय प्यालं?"

वाचकहो, आमचा जिल्हा कसा आहे हे आपणांस ठाऊक आहे. पाऊस गेला की आभाळाकडे आणि आभाळ रुसले की टँकरच्या वाटेकडे पाहणारी ही माणसे. त्या पोराने घागरी घेऊन रांगेत उभी असलेली आई पाहिलेली आहे. मी भातवडीची हकीकत वर्षानुवर्षे शिकवीत आलो, 'बांध फोडून शत्रूची कोंडी केली' असे फळ्यावर लिहून खाली रेघ मारीत आलो. बांधाखालच्या शेतांचा आणि वैशाखातल्या घागरींचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. आणि पाण्याची किंमत अंबराला कळत नव्हती असेही नाही. ज्या खडकी गावाचे पुढे औरंगाबाद झाले तिथे नळाने पाणी खेळविणारा तोच. ज्या हाताने नहर बांधला त्याच हाताने तळे फोडले. युद्ध म्हणतात ते हे.

त्या रात्री मुलांनी आपण होऊन एक नवा नियम केला. जो तळे फोडील त्याने आपल्या उरलेल्या फुटाण्यांतले निम्मे एका वाटीत काढून ठेवायचे. ती वाटी गावाची. मग लढाई कोणीही जिंको, त्या वाटीला कोणी हात लावायचा नाही. हा नियम कोणत्या बखरीत नाही की कोणत्या प्रशियन कोष्टकात नाही. पण माझ्या मते तीन दिवसांत केलेल्या सगळ्या नियमांत तो सर्वांत खरा होता. आणि गंमत अशी, की त्याने खेळ फिका पडला नाही, उलट रंगला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव मांडला तेव्हा अंबर झालेला मुलगा आरशाचा तुकडा हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिला. चादरीपलीकडून लष्करखान ओरडत होता, "चाल कर की रे!" आणि हा वाटीकडे पाहत होता, फुटाण्यांकडे पाहत होता. अखेर त्याने तळे फोडले. पण आधी वाटी भरली.

तो डाव अंबराने जिंकला. शरीफजी म्हणून ठेवलेला तांबडा चिंचोका मात्र त्यातही गेला. डाव संपल्यावर पोरांनी तो पेटीतून पुन्हा काढून डावात उभा केला, तेव्हा मला जरासे हसू आले आणि जरासे वाईटही वाटले. खेळात एवढे सुख असते, की पेटीतला माणूस उद्या परत येतो. तेवढे एक खोटे त्यात राहणारच. ते खोटे आहे हे खेळणाऱ्याला ठाऊक असले म्हणजे झाले.

यंदाही आळीत माती भिजू लागली आहे. आपल्या घरीही किल्ला होत असेल. त्यावरचे मावळे नुसते उभे ठेवू नका. आपल्या गावाजवळची एखादी लढाई त्यांना द्या. जिंकण्याहरण्याची मोकळीक मुलांना द्या. भूक, चिखल आणि अंधार मात्र अस्सल ठेवा. एक चादर लागेल, पावशेर फुटाणे लागतील. फुटाणे थोडे जास्तच आणावेत, कारण सेनापती ते खातात. आणि एक वाटी रिकामी ठेवावी.